जुन्या विमानाची खरेदी

जुनी वस्तु विकत घेणें ही एक स्वतंत्र विद्या आहे. नवी वस्तु घेणाराला पैसे मोजतां आले म्हणजे पुरतें. जुनी घेणाराला पैशांबरोबर माणूसहि पारखतां यावा लागतो. आपल्या वडील मंडळींना ही विद्या चांगली अवगत होती. जुनें घर घ्यावयाचें झालें तर ते ऐन पावसाळ्यांत जाऊन छपराखालीं उभे राहत. जमीन घ्यावयाची तर उतारा काढून तिच्यावरील बोजा पाहत. म्हैस घ्यावयाची तर दोन्ही वेळचें दूध आपल्यासमोर काढवून घेत. आणि इतकें झाल्यावरच मालकाच्या घरचा चहा पीत.

हें सर्व आज आठवण्यास कारण झालें तें एका विमानाचें. आमचा एक पुतण्या अमेरिकेंत कॅन्सस राज्यांतील एका लहानशा गांवीं शल्यवैद्य आहे. त्या भागांत गांवें दूरदूर, आगगाडी विरळ, आणि स्वतः विमान चालविण्याचा परवाना काढणें ही तेथील सुस्थितींतल्या गृहस्थाला अशक्य नसलेली गोष्ट. पुतण्यानें तसा परवाना काढला होता, आणि भाड्याच्या लहान विमानांतून तो सुटीच्या दिवशीं हिंडत असे. तीन वर्षांपूर्वीं त्याचें पत्र आलें. "ती. काकांस सा. न. वि. वि." ह्या मायन्यानंतर दुसऱ्याच ओळींत मजकूर असा कीं, एक जुनें विमान विकाऊ आहे, तें घ्यावें असा विचार आहे, तरी ही गोष्ट बाबांच्या कानीं आपण घालावी. अशा कामीं पुतणे काकांचीच निवड कां करतात, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना सांगावयास नको.

दादांनीं एकच प्रश्न विचारला, "किती जुनें?" विमान १९६७ सालचें होतें. "म्हणजे घेणाऱ्याहूनहि वडील!" एवढें बोलून दादांनीं वर्तमानपत्र तोंडापुढें धरलें. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. त्या उठून देवघरांत गेल्या. शेवटीं घरांत असें ठरलें कीं, आम्ही ह्या विषयाची नीट माहिती करून घ्यावी आणि मगच उत्तर पाठवावें. त्या निमित्तानें जें वाचलें, जें विचारलें, आणि पुढें जें घडलें, तें येथें सांगत आहों. विमान घेण्याचा प्रसंग आमच्या फार थोड्या वाचकांवर येईल. परंतु दूरदेशींच्या मुलानें एखादें धाडस मनांत आणावें आणि त्यावर घरच्यांनीं हो म्हणावें कीं नको म्हणावें, हा पेंच आतां पुष्कळ घरांतून पडतो.

विमानाचें नांव बीचक्राफ्ट बोनान्झा. कॅन्ससमधील विचिटा शहरीं वॉल्टर बीच व त्यांच्या पत्नी ऑलिव्ह ॲन बीच ह्यांच्या कारखान्यांत तें जन्मास आलें. पहिलें उड्डाण २२ डिसेंबर १९४५ रोजीं झालें, आणि १९४७ पासून विक्री सुरू झाली. त्या काळचीं खासगी विमानें पुष्कळशीं कापडानें मढविलेलीं असत आणि त्यांचीं चाकें उडतांनाहि बाहेर लोंबत. हें विमान सबंध धातूचें, आणि उडाल्याबरोबर चाकें पोटांत घेणारें. शेंपटी तर जगावेगळी. इतर विमानांच्या शेंपटीला दोन आडवीं व एक उभें अशीं तीन पातीं असतात. ह्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखीं तिरपीं दोनच. मार्च १९४९ मध्यें बिल ओडम नांवाचा वैमानिक असल्याच एका विमानांतून होनोलुलूहून एकटा निघाला तो कोठेंहि न उतरतां न्यू जर्सीपर्यंत आला. सुमारें ५,००० मैलांचा हा पल्ला त्यानें ३६ तासांत गांठला. तें विमान स्मिथसोनियन संग्रहालयानें जतन केलें आहे. १९५० सालीं वॉल्टर बीच वारल्यावर कारखान्याची सर्व धुरा ऑलिव्हबाईंनीं उचलली आणि ती अनेक वर्षें समर्थपणें वाहिली, हें आमच्या भगिनीवर्गाला मुद्दाम सांगावेंसें वाटतें. दोन पात्यांच्या शेंपटीचीं हीं विमानें १९८२ पर्यंत निघत होतीं. त्यांची संख्या १०,००० च्या वर गेली. एकच इंजिन, तेंहि दट्ट्यांचें, आणि तरीहि ज्याच्या वेगाचा अभिमान बाळगावा असें हें वाहन आहे.

आतां हा वेग म्हणजे काय तें पाहूं. पुतण्या ज्या विमानावर शिकला त्याचें इंजिन १६० अश्वशक्तीचें, चाकें कायमचीं बाहेर, आणि वेग ताशी सव्वादोनशें किलोमीटरांच्या आंतबाहेर. ह्या बोनान्झाचें इंजिन २८५ अश्वशक्तीचें आणि वेग ताशी ३०० किलोमीटरांच्या वर. अमेरिकेच्या कायद्यांत २०० हून अधिक अश्वशक्तीच्या इंजिनाचें विमान 'उच्च क्षमतेचें' म्हणून निराळें गणलें आहे. आणि चाकें आंत घेणाऱ्या, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतां येणाऱ्या विमानाचा आणखी एक वर्ग केलेला आहे. दोहोंसाठीं शिक्षकापाशीं वेगळें शिक्षण घेऊन नोंदवहींत त्याची सही घ्यावी लागते. परंतु सहीनें कायद्याचें समाधान होतें. हवेचें होत नाहीं. अंगानें गुळगुळीत असलेलें हें विमान नाक किंचित खालीं गेलें कीं पाहतां पाहतां वेग घेतें, आणि संथ विमानांत जी चूक सुधारण्यास अवकाश मिळतो ती येथें सुधारण्यापूर्वींच मोठी झालेली असते.

म्हणूनच ह्या विमानाला अमेरिकेंत एक दुष्ट टोपणनांव पडलें आहे: 'दुभंग शेंपटीचा डॉक्टरमाऱ्या'. त्याचा अर्थ उघड आहे. डॉक्टरापाशीं पैसा असतो, वेळ नसतो. पैशानें वेगवान विमान घेतां येतें, सराव घेतां येत नाहीं. हें नांव वाचलें तेव्हां आम्हीं पुस्तक मिटलें, आणि वहिनींना ह्यांतलें कांहीं सांगावयाचें नाहीं असा मनाशीं निश्चय केला.

न्यायानें बोलावयाचें तर सारा दोष डॉक्टरांच्या माथीं मारतां येत नाहीं. १९५१ पासूनच्या नमुन्यांत शेंपटीचीं पातीं रुंद करण्यांत आलीं. परंतु पात्याची पुढें वाढलेली कड आंतल्या मुख्य तुळईच्या पुढें आधाराविना राहिली. वेग हाताबाहेर गेला असतां ती कड दाद देई आणि शेंपटी हवेंतच मोडे. १९८७ मध्यें सरकारनें अशा नमुन्यांच्या पात्यांच्या मुळाशीं आधाराचें वेष्टण बसविण्याची सक्ति केली. जुनें विमान घेणारानें तें वेष्टण बसविलें आहे काय, आणि बसविल्याची नोंद आहे काय, ह्या दोन्ही गोष्टी पाहावयाच्या. त्या निराळ्या आहेत, हें पुढें दिसेल.

पुतण्या विमान पाहून आला तो हरखूनच. त्यानें चित्रें पाठविलीं. पांढऱ्या शुभ्र अंगावर निळी रेघ, आंत नव्या चामड्याच्या गाद्या, आणि इंजिनाचे तासहि फार थोडे झालेले. मालक वृद्ध, दृष्टि मंदावल्यामुळें सहा वर्षांपूर्वीं त्यांनीं उडणें सोडलें, पण विमानाला गेल्या वर्षीं नवा रंग काढला. मागणी ७५ हजार डॉलरांची. पुतण्यानें लिहिलें होतें, "काका, इतकें कमी वापरलेलें आणि इतकें स्वच्छ विमान पुन्हां मिळणार नाहीं."

येथें आम्हांस पहिला धडा मिळाला. ज्या वस्तूंत आग, तेल आणि ओलावा एकत्र नांदतात ती वस्तु वापरानें जितकी झिजते त्याहून अधिक न वापरल्यानें बिघडते. इंजिन नियमानें फिरत असलें म्हणजे आंतल्या भागांवर तेलाचा थर राहतो आणि ओलावा उष्णतेनें निघून जातो. तेंच महिनेच्या महिने थंड बसलें कीं तेल ओघळून जातें, सिलिंडरांच्या भिंतींना गंज धरतो, आणि पुढें इंजिन चालूं लागलें कीं तोच गंज कानशीसारखा घासतो. वर्षाला शंभर तास उडालेलें जुनें विमान वर्षाला पांच तास उडालेल्या विमानाहून पुष्कळदां चांगलें निघतें. "फार थोडें वापरलेलें" ही विकणाराची स्तुति घेणारानें प्रश्न म्हणून ऐकावी.

दुसरा धडा नोंदवह्यांचा. तिकडे प्रत्येक विमानाच्या शरीराची, इंजिनाची आणि पंख्याची नोंदवही ठेवण्याची रीत आहे. कधीं कोणता भाग बदलला, कोणी बदलला, सरकारनें वेळोवेळीं काढलेल्या सुधारणेच्या आज्ञा कधीं पाळल्या, वार्षिक तपासणी कोणी केली, हें सर्व सहीनिशीं तींत असतें. मोठी दुरुस्ती किंवा फेरफार झाला असेल तर त्याचा सरकारी नमुना वेगळा भरलेला असावा लागतो. मालकी व कर्जाचा बोजा ह्यांची नोंद ओक्लाहोमा सिटी येथील सरकारी दप्तरांत मिळते. ती काढून पाहणें म्हणजे आपला उताराच. आपण स्थळ पाहावयास जातों तेव्हां पोह्यांची चव घेण्यापेक्षां घराण्याची चौकशी महत्त्वाची मानतों. विमानाच्या बाबतींत रंग व गाद्या हे पोहे, आणि नोंदवह्या ही चौकशी.

तिसरा धडा असा कीं, चौकशी करणारा मध्यस्थ मुलीकडचाहि नसावा आणि मुलाच्या मोहांतलाहि नसावा. दरवर्षीं त्या विमानाची तपासणी करणारा कारागीर प्रामाणिक असला, तरी तो आपल्याच कामाची परीक्षा कशी करणार? आम्हीं पुतण्याला कळविलें कीं, बोनान्झाच्याच कामांत केस पिकलेला कारागीर आपल्या खर्चानें दुसऱ्या गांवाहून आण, आणि तो पाहीपर्यंत विसाराचा डॉलरहि देऊं नकोस.

त्यानें तसें केलें. कारागिरानें पहिला दिवस विमानाला हातहि लावला नाहीं; तो नोंदवह्या वाचीत बसला. दुसऱ्या दिवशीं त्यानें सिलिंडरांत दाबाची हवा भरून ती किती गळते तें मोजलें, बारीक दुर्बीण आंत घालून व्हाल्व व भिंती पाहिल्या, आणि शेंपटीपाशीं बराच वेळ उभा राहिला. मग त्यानें पुतण्याला दोन गोष्टी दाखविल्या. पहिली, सहापैकीं चार सिलिंडरांत गंज होता. दुसरी गोष्ट त्या सुंदर रंगाची. ह्या विमानाच्या शेंपटीचीं हलतीं पातीं मॅग्नेशियमच्या पत्र्याचीं असतात. वजनानें हलका असलेला हा पत्रा ओलाव्यानें लवकर कुजतो, आणि बदली मिळणें त्या वेळीं महाकठीण होऊन बसलें होतें. शिवाय तीं पातीं काट्यानें तोललेलीं असावीं लागतात. रंगाचा एक थर चढला तरी तोल जातो, आणि तोल गेलेलें पातें वेगांत फडफडूं लागलें तर शेंपटी फाडून काढतें. म्हणून रंग दिल्यावर पातीं पुन्हां तोलून तशी नोंद करण्याची शिस्त आहे. वहींत रंग दिल्याची नोंद होती, तोलल्याची नव्हती. रंगाखालीं एके ठिकाणीं पत्रा फुगलेलाहि होता.

ज्या रंगानें पुतण्याला भुरळ घातली त्यांतच खोट निघाली. मालक लबाड नव्हते. आपण आतां उडणार नाहीं हें ज्याला ठाऊक आहे अशा माणसानें आपल्या लाडक्या वस्तूला शेवटचें नवें वस्त्र नेसवावें, इतकाच त्यांत भाव होता. पण विमान मालकाच्या भावावर उडत नाहीं.

पुतण्यानें हिशेब मांडला. ह्या जातीच्या इंजिनाला कारखान्यानें सुमारें १,७०० तासांची मर्यादा सांगितली आहे, आणि वर्षांची मर्यादा निराळी. त्यानंतर सबंध इंजिन खोलून नव्यासारखें बांधावें. खासगी मालकावर कायद्यानें ही सक्ति नाहीं. पण गंजलेल्या इंजिनाची मर्यादा त्याच्या आंतच संपलेली असते. आजच्या दरानें हें काम ४० हजार डॉलरांच्या खालीं होत नाहीं. त्यावर शेंपटीचें काम, दरसालची सक्तीची तपासणी, जींत काय निघेल तें खोलल्याशिवाय कळत नाहीं, विम्याचा हप्ता, जागेचें भाडें, आणि उड्डाणाच्या प्रत्येक तासाला ५० लिटरांहून अधिक महाग पेट्रोल. तात्पर्य, ७५ हजार ही विमानाची किंमत नव्हती; तो नुसता प्रवेशाचा आकार होता. सौदा मोडला. तपासणीचे दोन हजार डॉलर फुकट गेले म्हणून तो हळहळला. दादा म्हणाले, "त्याला लिही, फुकट गेले नाहींत. एवढ्या स्वस्तांत शहाणपण आम्हांला सुद्धां कधीं मिळालें नव्हतें."

इतक्यानें विषय संपला असें आम्हांस वाटलें होतें. पण वाचतां वाचतां एक गोष्ट ध्यानांत आली. विमानाच्या तपासणीची एवढी चर्चा झाली. विमान चालविणाऱ्याची तपासणी कोणी केली?

१९५४ सालीं इलिनॉय विद्यापीठानें एक प्रयोग केला, आणि त्यासाठीं निवडलें तें विमानहि बोनान्झाच होतें. केवळ उपकरणें पाहून उडण्याचें शिक्षण ज्यांना मिळालेलें नाहीं असे २० जण घेतले. बाहेरचें कांहीं दिसूं नये अशी व्यवस्था केली, शेजारीं शिक्षक बसविला, आणि विमान त्यांच्या हातीं दिलें. विसांपैकीं एकहि टिकला नाहीं. १९ जणांचें विमान वळसे घेत वाढत्या वेगानें खालीं जाऊं लागलें. एकाचें नाक वर होऊन वेग हरवून बसलें. ताबा सुटण्यास सरासरी १७८ सेकंद, म्हणजे पुरतीं तीन मिनिटेंहि लागलीं नाहींत. हे मूर्ख लोक नव्हते. मनुष्याच्या कानांत तोलाचें जें इंद्रिय आहे तें जमिनीवर चालणाऱ्या प्राण्यासाठीं घडलेलें आहे. ढगांत विमान हळूहळू कलूं लागलें तर त्याला कांहीं कळत नाहीं. आपण सरळ बसलों आहों असेंच वाटत असतें. वेग वाढला म्हणून माणूस नाक वर ओढूं जातो, आणि कललेल्या विमानाचें वळण त्यामुळें उलट अधिकच आवळत जातें.

ह्याचें फळ काय होतें तें अमेरिकेनें ३ फेब्रुवारी १९५९ रोजीं पाहिलें. त्या दिवशीं मध्यरात्रीनंतर आयोवा राज्यांतील क्लिअर लेक गांवाजवळ १९४७ सालचें एक बोनान्झा उडाल्यावर कांहीं मिनिटांतच शेतांत आदळलें. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स व जे. पी. रिचर्डसन हे लोकप्रिय गायक आणि २१ वर्षांचा वैमानिक असे चौघेहि गेले. चौकशींत ठरलें तें असें: उपकरणांवर उडण्याची पात्रता नसतां वैमानिक तशा हवेंत निघाला, हवामानाची पुरती माहिती त्याला मिळाली नव्हती, आणि विमानांतील नाकाचा चढ-उतार दाखविणारें यंत्र त्याच्या सवयीच्या यंत्राहून उलट रीतीनें दाखवीत असे. जुन्या यंत्रांत हा धोका नेहमींच असतो. जुन्या बोनान्झांत चाकांची कळ आणि पंखांच्या पडद्यांची कळ ह्यांच्या जागाहि इतर विमानांच्या उलट आहेत. जमिनीवर उतरल्यावर पडदे उचलावयाचे म्हणून चाकेंच उचललीं आणि विमान पोटावर बसलें, असें इतक्यांदां घडलें कीं, १९८० सालीं अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळानें त्यावर स्वतंत्र अहवाल काढला. सवय ही चांगली दासी आहे. परंतु घर बदललें कीं ती जुन्याच जागीं भांडीं ठेवूं लागते.

आम्ही हें दादांना हलक्या आवाजांत वाचून दाखवीत होतों. स्वयंपाकघराच्या दारांतून वहिनींचा आवाज आला, "त्या वीस जणांचें पुढें काय झालें?"

आम्ही चपापलों. मागाहून कळलें कीं, त्यांनीं नातीकडून हा सर्व विषय, त्या दुष्ट टोपणनांवासकट, आमच्या आधींच वाचवून घेतला होता.

पुढें काय झालें तें आम्हीं वाचून दाखविलें. त्या मंडळींना एक साधी रीत शिकविण्यांत आली. ढगांत शिरलों असें कळतांच चाकें खालीं सोडावीं, म्हणजे वेग आवरतो. इंजिनाची शक्ति कमी करावी. ठराविक संथ वेगावर विमान स्थिर करून हातांतलें चाक सोडून द्यावें, कारण घाबरलेले हातच विमान बिघडवितात. आणि पायानें सुकाणू हळूच दाबून अर्धवर्तुळ काढून आल्या वाटेनें परत यावें. ह्या शिक्षणानंतर घेतलेल्या ६० परीक्षांपैकीं ५९ पार पडल्या.

वहिनींनीं क्षणभर विचार केला. "म्हणजे मागें फिरायला शिकले, तेव्हां वांचले. मग त्याला आधीं तेंच शिकूं द्या. विमान काय, बाजारांत केव्हांहि मिळेल."

आमच्या साऱ्या वाचनाचें सार त्यांनीं तीन वाक्यांत सांगितलें. तेंच आम्हीं पुतण्याला कळविलें, आणि "हें तुझ्या आईचें म्हणणें आहे" असें खालीं लिहिलें. त्याला राग आला असावा. दोन महिने पत्र नव्हतें. मग आलें तें असें कीं, उपकरणांवर उडण्याच्या परवान्यासाठीं त्यानें नांव घातलें आहे. त्याला निदान ४० तासांचा तसा सराव आणि ५० तासांचा स्वतःच्या जबाबदारीवरील दूरचा प्रवास लागतो. शिवाय परवाना मिळाला म्हणजे काम झालें असेंहि नाहीं. मागील सहा महिन्यांत उपकरणांवरून सहा वेळां उतरण्याचा सराव नसेल तर त्या परवान्यानें ढगांत जातां येत नाहीं. दवाखाना सांभाळून त्याला सव्वा वर्ष लागलें.

त्यानंतर त्यानें विमान घेतलें तेंहि बोनान्झाच; मात्र सरळ शेंपटीचें, सहा आसनांचें ए ३६. रंग ठिकठिकाणीं उडालेला, गाद्या जुन्या, आणि किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक. पण पहिल्या दिवसापासूनच्या नोंदवह्या अखंड होत्या, आणि विमान दरसाल नेमानें उडत आलेलें होतें. विमान ताब्यांत आल्यावरहि त्यानें महिनाभर घरच्या कोणालाहि आंत बसविलें नाहीं. ह्याच जातीचें विमान शिकविणाऱ्या शिक्षकाबरोबर तो रोज उडत होता.

गेल्या वर्षीं वहिनी तिकडे गेल्या तेव्हां त्यांना विमानांत बसविण्यापूर्वीं तराजूवर उभें केलें. त्यांच्या पिशवीचें आणि लाडवांच्या डब्याचेंहि वजन झालें. सहा आसनें आहेत म्हणून सहा माणसें व टांकीभर पेट्रोल नेतां येतेंच असें नाहीं. ह्या विमानांत ७४ गॅलन वापरण्याजोगें पेट्रोल मावतें आणि गॅलनला सहा पौंड धरले तर त्याचेंच वजन २०० किलो होतें. शिवाय पेट्रोल पंखांच्या पुढच्या भागांत असल्यामुळें तें जळत जातें तसा तोल मागें सरकतो. निघतांना बरोबर असलेलें विमान पोहोंचतांना शेंपटीकडे जड होऊं शकतें. म्हणून वजन निघण्याचेंहि मांडावें लागतें आणि उतरण्याचेंहि. वहिनींनीं डबा खालीं ठेवावयास सांगितला. पुतण्यानें पेट्रोल कमी केलें आणि डबा घेतला.

आतां शेवटची गोष्ट. गेल्या वैशाखांत आमच्या पुतणीच्या मुलाची मुंज डॅलस येथें होती. मुहूर्त साडेअकराचा. मामाचा मान पुतण्याचा. वहिनी आधींच जाऊन राहिल्या होत्या. पुतण्या दवाखान्यामुळें त्याच दिवशीं पहाटे बायकामुलांना घेऊन विमानानें निघाला. दोन-अडीच तासांची वाट. निघतांना आकाश स्वच्छ होतें. पण ओक्लाहोमावर पोहोंचतों तों पुढें वादळी ढगांची भिंत उभी. उपकरणांवर उडण्याचा परवाना हा साध्या ढगांसाठीं आहे. गडगडाटी ढगांत शिरण्याचा परवाना कोणालाच नसतो. दोन ढगांमध्यें एक फट दिसत होती, आणि पलीकडे ऊन पडलें होतें. मुलगा मागून विचारीत होता, "बाबा, आपण उशीरा पोहोंचणार का?" पुतण्यानें लिहिलें आहे कीं, त्या फटीकडे त्यानें जितकें पाहिलें तितकें जन्मांत कशाकडे पाहिलें नसेल. मग त्यानें विमान वळविलें.

परत येऊन, विमान बांधून, मोटारीनें ते निघाले, तेव्हां मुहूर्त टळणार हें ठरलेलेंच होतें. डॅलसला पोहोंचले तों सायंकाळ झाली होती आणि पंगती केव्हांच उठल्या होत्या. मामाच्या जागीं एका दूरच्या मामानें उभें राहून कार्य निभावलें होतें. बहीण रुसली होती, ती भावाशीं बोलेना. भटजींनींहि "थोडें आधीं निघावयाचें होतें" म्हणून ऐकवून घेतलें. वहिनींनीं मात्र कोणाला कांहीं न विचारतां चौघांचीं पानें मांडलीं, आणि मुलाच्या पानांत जिलबी वाढतांना एवढेंच विचारलें,

"कोठून परत फिरलास?"

त्यानें ठिकाण सांगितलें. वहिनींनीं आणखी एक जिलबी वाढली.